दोरीला बांधलेले मांस: अलेक्सिस सेंट मार्टिनच्या जठरातून दिसलेले आणि न दिसलेले प्रथिनांचे पचन

६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतील ह्युरॉन सरोवराच्या पश्चिम टोकाशी असलेल्या मॅकिनॉ बेटावर, फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात एक बंदूक चुकून उडाली. तिच्यात बदकांच्या शिकारीचे छर्रे भरलेले होते आणि नळीचे तोंड जेमतेम हातभर अंतरावर होते. सगळा मारा अलेक्सिस सेंट मार्टिन या फ्रेंच-कॅनेडियन तरुणाच्या डाव्या कुशीत बसला. फरच्या व्यापारासाठी होड्या वल्हवणे हे त्याचे काम. किल्ल्यावरचे लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट थोड्याच वेळात तेथे पोहोचले, तेव्हा त्यांना तळहाताएवढी जखम, मोडलेल्या बरगड्या, बाहेर आलेला फुप्फुसाचा भाग आणि त्याखाली जठराला पडलेले, तर्जनी आत जाईल एवढे भोक दिसले. त्या भोकातून सकाळची न्याहारी बाहेर पडत होती.

हा तरुण वाचेल असे बोमाँट यांना वाटले नव्हते. तो वाचला, एवढेच नव्हे तर पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगला. मात्र भोक बुजले नाही. जठराच्या छिद्राची कड बाहेरच्या त्वचेच्या कडेशी जुळून आली आणि कुशीतून थेट जठरात उघडणारी एक कायमची वाट तयार झाली. दीड-एक वर्षाने जठराच्या अस्तराची एक घडी आतून त्या छिद्रावर झडपेसारखी येऊन बसली, त्यामुळे अन्न बाहेर सांडणे थांबले. झडप बोटाने आत लोटली की जठराचा आतला भाग मात्र उघड्या डोळ्यांनी दिसत असे.

वैद्यकाच्या इतिहासात हे प्रकरण जठररसाच्या अभ्यासाची सुरुवात म्हणून सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. येथे ते वेगळ्या कारणासाठी तपासायचे आहे. प्रथिने ‘पचली’ असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय घडलेले असते, हा प्रश्न या एका माणसाच्या बाबतीत जितका स्पष्ट मांडता येतो तितका क्वचितच कोठे येतो. बोमाँट यांनी मांस विरघळताना पाहिले. शरीराने ते वापरले कसे, हे त्या खिडकीतून दिसणे शक्यच नव्हते, कारण तो सगळा व्यवहार खिडकीच्या पलीकडे चालतो.

पहिले सतरा दिवस

प्रयोगांकडे वळण्याआधी सुरुवातीच्या काळातील एक नोंद लक्षात ठेवावी लागेल. दुखापतीनंतर सतरा दिवस सेंट मार्टिन जे काही गिळत असे ते थोड्याच वेळात जखमेतून बाहेर पडे. पट्ट्या आणि घड्या घट्ट बांधून अन्न आत टिकवता येईपर्यंत त्याला गुदमार्गे पोषक द्रव दिले जात होते. त्या काळातील वैद्यकाला तो एकमेव उपाय वाटत होता. आजच्या ज्ञानाच्या आधारे पाहिले तर मोठे आतडे पाणी आणि क्षार शोषून घेते, परंतु तेथे प्रथिने तोडून रक्तात पोहोचवण्याची यंत्रणा नसते. याचा अर्थ असा की त्या सतरा दिवसांत त्याच्या शरीराला बाहेरून प्रथिन जवळजवळ मिळालेच नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत शरीराला आयुष्यातील सर्वांत मोठी जखम भरून काढायची होती. त्यासाठीचा माल आला कोठून, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

१ ऑगस्ट १८२५: रेशमी दोरी

पहिला पद्धतशीर प्रयोग तीन वर्षांनी झाला. दुपारी बारा वाजता बोमाँट यांनी रेशमी दोरीला ठरावीक अंतरावर सहा पदार्थ बांधले आणि छिद्रातून जठरात सोडले. त्यांत भरपूर मसाला घालून शिजवलेले गोमांस, डुकराचे खारवलेले कच्चे चरबीदार मांस, खारवलेले कच्चे गोमांस, खारवून उकडलेले गोमांस, शिळा पाव आणि चिरलेली कच्ची कोबी होती. प्रत्येक तुकडा सुमारे दोन ड्रॅमचा, म्हणजे साधारण ८ ग्रॅमचा होता. दोरी पोटात असताना सेंट मार्टिन घरातील नेहमीची कामे करीत राहिला.

तासाभराने दोरी ओढून पाहिली तेव्हा कोबी आणि पाव निम्मे पचल्यासारखे दिसले आणि मांसाचे तुकडे जसेच्या तसे होते. दोन वाजता कोबी, पाव, डुकराचे मांस आणि उकडलेले गोमांस दोरीवरून नाहीसे झालेले होते. त्यानंतरच्या तपासणीत मसालेदार गोमांस थोडेफार पचलेले आढळले, तर कच्चे गोमांस वरवर किंचित मऊ झाले होते, पण त्याचा पोत घट्ट आणि अखंड होता. जठरातील द्रव किंचित खवट झाल्याचे बोमाँट यांनी नोंदवले, आणि ही नोंद त्यांनी वासावरून आणि चवीवरूनही केली! तरुणाने छातीत दुखत असल्याची तक्रार केली आणि पुढे प्रयोग आवरता घ्यावा लागला.

या नोंदी प्रामाणिक आहेत, पण दोरीवरून नाहीसे होणे आणि पचणे या दोन गोष्टी एक नव्हेत. कोबीचा मुख्य आधार सेल्युलोज आहे आणि ते मानवी जठरातच काय, लहान आतड्यातही पचत नाही. कोबी मऊ होऊन, तुटून दोरीवरून गळून पडली असणार. डुकराच्या मांसाचे उदाहरण तर फारच उद्बोधक आहे. चरबीवर पेप्सिनचा, म्हणजे जठररसातील प्रथिने तोडणाऱ्या द्रव्याचा, काहीही परिणाम होत नाही. परंतु चरबीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारी जाळी प्रथिनांची असते. ती जाळी सैल झाली की शरीराच्या उष्णतेने मऊ झालेली चरबी निसटते आणि दोरी मोकळी दिसते. तेथे विरघळले ते चरबीभोवतीचे प्रथिन.

कच्चे गोमांस टिकले आणि उकडलेले टिकले नाही, हा फरक मात्र खरोखरच प्रथिनांविषयी काही सांगणारा आहे. प्रथिनाचा रेणू ही अमिनो आम्लांची एक लांब साखळी असते आणि ती गुंडाळून, दुमडून तिला पक्का आकार आलेला असतो. पेप्सिनला साखळी तोडायची तर तिचे दुवे हाताला लागावे लागतात. उष्णतेने हा आकार उलगडतो. स्नायूंच्या तंतूंभोवतीचे कोलॅजेन, जे तीन पदरांच्या पिळदार दोराप्रमाणे असते, ते पाण्यात उकडल्यावर पीळ सुटून जिलेटिन बनते. आम्लानेही प्रथिने उलगडतात, परंतु कच्च्या, घट्ट तुकड्याच्या गाभ्यापर्यंत आम्ल झिरपायला वेळ लागतो. त्यातच हे तुकडे तोंडातून न जाता कुशीतून आत गेलेले होते. चावण्याने पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो, ती पायरी येथे पूर्णपणे वगळली गेली होती. मसालेदार गोमांस शिजवलेले असूनही मागे का राहिले, याचा निवाडा एका दोरीवरून करणे धाडसाचे ठरेल. तोपर्यंत जठर चिडलेले होते, एवढे तर नोंदीतच दिसते.

७ ऑगस्ट १८२५: कुपी आणि जठर

सहा दिवसांनी केलेला प्रयोग मला या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत देखणा वाटतो. सेंट मार्टिन सतरा तास उपाशी होता. बोमाँट यांनी छिद्रातून तापमापक आत घातला, तेव्हा पारा १०० अंश फॅरनहाइटवर स्थिरावला. मग रबरी नळीने साधारण एक औंस, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर शुद्ध जठररस काढून तो कुपीत घेतला, त्यात तीन ड्रॅम उकडलेले गोमांस टाकले आणि कुपी त्याच तापमानाच्या पाण्यात ठेवली. तसाच दुसरा तुकडा दोरीला बांधून जठरात सोडला.

चाळीस मिनिटांत कुपीतील मांसाच्या पृष्ठभागावर पचन सुरू झाल्याचे दिसू लागले, मग द्रव गढूळ झाला, तंतू सुटे होऊ लागले. तासाभराने जठरातला आणि कुपीतला असे दोन्ही तुकडे जवळपास सारख्याच अवस्थेत होते. दोन तासांनी जठरातील दोरी मोकळी झाली. कुपीतील मांस पूर्ण विरघळायला मात्र रात्रीचे नऊ वाजले, म्हणजे सुमारे दहा तास लागले.

पचन ही जिवंत शरीराबाहेरही घडू शकणारी रासायनिक क्रिया आहे, हे त्या कुपीने दाखवून दिले. जठर अन्न दळते, की ते कुजवते, की आंबवते, असा वाद त्या काळी चालू होता. लंडनच्या विल्यम प्राउट यांनी जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते हे त्याच सुमारास, १८२४ मध्ये प्रसिद्ध केले होते. पुढे बोमाँट यांनी पाठवलेल्या सेंट मार्टिनच्या जठररसातही ते सापडले. तरीही नुसत्या आम्लाने मांस इतक्या लवकर विरघळत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते आणि रसात आणखी काहीतरी असले पाहिजे अशी त्यांची धारणा होती. ते ‘काहीतरी’ १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी वेगळे ओळखले आणि त्याला पेप्सिन हे नाव दिले. ‘प्रोटीन’ हा शब्दच मुळी १८३८ मध्ये छापून आला. प्रथिन हा शब्द जन्माला येण्यापूर्वी प्रथिनाच्या पचनाचे तासागणिक टिपण झालेले होते.

दोन तास आणि दहा तास या तफावतीचे कारणही आता सांगता येते. पेप्सिन हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे द्रव्य, असल्याने काम करून संपत नाही, परंतु आम्ल संपते. मांस तुटू लागले की त्यातून निघणारे तुकडे आम्ल बांधून ठेवतात आणि रसाची आम्लता घटते. पेप्सिन तीव्र आम्लातच तडफेने चालते. आम्लता घटत गेली की ते मंदावते. कुपीत रस तेवढाच राहिला, तुटलेला माल तेथेच साचला आणि ढवळणारे कोणी नव्हते. जठरात उलट प्रत्येक क्षणी नवा रस झिरपतो, भिंती आकुंचन पावून मिश्रण घुसळतात आणि पातळ झालेला भाग पुढे सरकतो. शिवाय मांस तुटून तयार झालेले प्रथिनांचे तुकडेच जठराच्या भिंतीतील पेशींना गॅस्ट्रिन हे संप्रेरक सोडायला लावतात आणि त्यामुळे आणखी आम्ल स्रवते.

या प्रयोगांची किंमत कोणी मोजली, हेही नोंदवले पाहिजे. बोमाँट यांनी १८३३ पर्यंत दोनशेहून अधिक प्रयोग केले. त्यांतील बरेचसे सेंट मार्टिनने घरी कॅनडात पळ काढल्यानंतर, लग्न होऊन मुले झाल्यावर, पैसे देऊन परत आणवून केलेले होते. १८३२ च्या लेखी करारात जेवणखाण व राहण्याखेरीज वर्षाला १५० डॉलर ठरले होते. जीव वाचवणाऱ्या डॉक्टरला नकार देणे त्या गरीब माणसाला कितपत शक्य होते, ही शंका करारातील सहीने मिटत नाही. १८८० मध्ये तो वारला तेव्हा घरच्यांनी शवविच्छेदन टाळण्यासाठी मृतदेह मुद्दाम काही दिवस ठेवून कुजू दिला आणि नेहमीपेक्षा खोल पुरला.

खिडकीच्या पलीकडे

आता कुपीतला तुकडा पुढे नेऊ. तीन ड्रॅम म्हणजे सुमारे १२ ग्रॅम उकडलेले मांस. त्यात प्रथिन साधारण ३ ग्रॅम. रात्री नऊ वाजता कुपीत जो गढूळ द्रव उरला, तो जसाच्या तसा रक्तात सोडला असता तर शरीराला त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता. पेप्सिन साखळी काही मोजक्या ठिकाणीच तोडते आणि उरतात ते बहुतांशी मोठे तुकडे. प्रथिनांच्या एकूण पचनात पेप्सिनचा वाटा दहा ते वीस टक्क्यांच्या घरात मानला जातो. ज्यांचे जठर शस्त्रक्रियेने काढून टाकलेले असते, त्यांनाही प्रथिने पचवता येतात.

खरे तोडकाम लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होते. आम्लयुक्त मिश्रण तेथे येताच स्वादुपिंडातून अल्कधर्मी रस येतो आणि पेप्सिनची कारकीर्द संपते. त्या रसात प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांची ट्रिप्सिनोजेनसारखी निष्क्रिय रूपे असतात, कारण ही एन्झाइमे सक्रिय अवस्थेत साठवली तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागेल. तीव्र स्वादुपिंडदाहात जवळपास तेच घडते. आतड्याच्या अस्तरावरील एन्टेरोकायनेज हे एन्झाइम ट्रिप्सिनोजेनचा एक छोटा तुकडा कापते, त्यातून ट्रिप्सिन बनते आणि मग ट्रिप्सिन स्वतःच इतर सर्व निष्क्रिय रूपांना जागे करते. त्यानंतर आतड्याच्या पेशींच्या काठावरील एन्झाइमे साखळ्यांची टोके कुरतडत जातात.

अमिनो आम्ले पूर्ण सुटी झाल्यावरच शोषली जातात, ही समजूत विसाव्या शतकात बराच काळ टिकून होती. प्रत्यक्षात दोन किंवा तीन अमिनो आम्लांचे छोटे तुकडे त्यांच्या स्वतंत्र वाहकामार्फत आख्खेच पेशीत जातात आणि बहुतांशी आत गेल्यावर फुटतात. हार्टनप या आनुवंशिक विकारात काही सुट्या अमिनो आम्लांचा वाहक बिघडलेला असतो, तरी रुग्णांचे पोषण बहुधा बऱ्यापैकी चालते, कारण तीच अमिनो आम्ले जोडीने आत शिरतात. आतड्यात पचणारा मालही केवळ ताटातला नसतो. पाचकरसांतील प्रथिने आणि अस्तराच्या गळून पडलेल्या पेशी यांचे प्रथिन दिवसाला दहाच्या काही पटींत ग्रॅम भरते आणि त्यातील बहुतेक पुन्हा पचवून घेतले जाते.

रक्तात पोहोचलेली अमिनो आम्ले आधी यकृतात जातात. वाटेत ग्लुटामेटसारखी काही आतड्याच्या पेशीच जाळून टाकतात. यकृत बहुतेकांची विल्हेवाट लावते, मात्र ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन यांना ते फारसा हात लावत नाही आणि ती स्नायूंपर्यंत पोहोचतात. ल्युसिन तेथे केवळ वीट नसते. बांधकाम सुरू करण्याचा निरोपही तेच देते. मात्र बांधकामासाठी शरीराला स्वतः बनवता न येणाऱ्या नऊ अत्यावश्यक अमिनो आम्लांपैकी प्रत्येक हजर असावे लागते. एक जरी कमी पडले, तरी बाकीची बांधकामाला निरुपयोगी ठरतात आणि इंधन म्हणून जळतात. येथे पुन्हा १ ऑगस्टच्या दोरीकडे पाहावेसे वाटते. कोलॅजेनपासून बनलेले जिलेटिन पेप्सिनपुढे सहज विरघळते, पण त्यात ट्रिप्टोफॅन अजिबात नसते. त्यामुळे एकट्या जिलेटिनवर शरीर उभे राहू शकत नाही. दोरीवरून सर्वांत लवकर सुटणारा पदार्थ बांधणीच्या दृष्टीने सर्वांत दुबळा असू शकतो, आणि हे बोमाँट यांच्या मोजपट्टीत कोठेच उमटत नाही.

ज्या अमिनो आम्लांची गरज नसते त्यांचा नत्र यकृतात युरियात बदलला जातो. या चक्राचा उलगडा हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये केला. प्रथिनात नत्राचे प्रमाण साधारण १६ टक्के असते, म्हणजे आपल्या ३ ग्रॅम प्रथिनात सुमारे अर्धा ग्रॅम नत्र, आणि सगळे जळाले तर त्याचा सुमारे १ ग्रॅम युरिया. पण सगळे लगेच जळत नाही. न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ शोएनहाइमर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस जड नत्राने (नत्राच्या नेहमीपेक्षा जड, म्हणून वेगळे ओळखता येणाऱ्या प्रकाराने) चिन्हांकित केलेले ल्युसिन उंदरांना खाऊ घातले. तीन दिवसांत त्यातील एक तृतीयांशाहून कमी नत्र लघवीत आढळला आणि निम्म्याहून अधिक शरीराच्या प्रथिनांत जाऊन बसला होता, तेही उंदरांचे वजन वाढत नसताना. जुने प्रथिन सतत मोडते आणि नवे सतत घडते. प्रौढ माणसाच्या शरीरात ही उलाढाल दिवसाला २५० ते ३०० ग्रॅमच्या आसपास असते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार आहारातील पुरेसे प्रमाण वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला सुमारे ५८ ग्रॅम आहे. बाकीचा माल शरीर स्वतःच्याच मोडतोडीतून परत वापरते.

सतरा दिवसांचा हिशेब

सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. चरबीला चरबीची पेशी असते, साखरेला ग्लायकोजेन असते, प्रथिनाला मात्र केवळ साठवणुकीसाठी राखलेली जागा नसते. शरीरातील प्रत्येक प्रथिन काही ना काही कामाला जुंपलेले असते, आणि गरज पडली की सर्वांत आधी स्नायूंचे काम थांबवले जाते. स्नायू मोडून निघालेली अमिनो आम्ले, मुख्यतः अॅलानिन आणि ग्लुटामिन या रूपांत, रक्तात येतात. काही जखमेकडे आणि रोगप्रतिकारक पेशींकडे वळतात, काहींपासून यकृत मेंदूसाठी ग्लुकोज बनवते. नुसत्या उपासात सुरुवातीच्या दिवसांत साधारण १० ते १२ ग्रॅम नत्र रोज लघवीतून जातो आणि उपास लांबला की शरीर काटकसर करू लागते. गंभीर दुखापत आणि ताप असेल तर ती काटकसर जमत नाही.

सेंट मार्टिनची लघवी कोणी मोजली नव्हती, त्यामुळे पुढचे गणित हे गणितच आहे. दिवसाला १० ग्रॅम नत्र धरला तर त्याचे सुमारे ६२ ग्रॅम प्रथिन होते. सतरा दिवसांत ते १ किलोच्या पुढे जाते. स्नायूंत प्रथिन सुमारे एक पंचमांश आणि बाकी बहुतेक पाणी असल्याने, त्याची किंमत ५ किलो स्नायू एवढी होते. मोडक्या बरगड्यांभोवती, फुप्फुसावर आणि जठराच्या कडेला जे नवे ऊतक उगवले, त्यातले बरेचसे प्रथिन काही आठवड्यांपूर्वी याच तरुणाच्या वल्हे मारणाऱ्या दंडांत आणि मांड्यांत होते. ते ज्या अन्नातून आले होते ते अपघातापूर्वी कधीतरी खाल्ले गेले होते, पचून झाले होते आणि युरियात न जाता शरीरात थांबले होते.

घट्ट पट्ट्यांमुळे अन्न जठरात टिकू लागल्यावर बोमाँट यांची नोंद बदलते. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस त्यांनी लिहिले की भूक चांगली आहे, पचन नियमित आहे आणि शौचही स्वाभाविक होते आहे. छिद्र उघडेच होते.